हिलरी क्लिंटन, २००८ : हाती आलेली उमेदवारी निसटली कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२००८ म्हटलं की ओबामांचा विजय आठवतो. त्याआधी पाच महिने डेमोक्रॅटिक पक्षात अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी जी आपापसात लढाई झाली, तिच्याबद्दल मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही. अमेरिकी निवडणूक जवळ आली की तेच ते प्रश्न पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सगळे प्रश्न हरलेल्या बाजूचे आहेत, कारण चुकांचा अभ्यास तिथेच करता येतो.

हिलरी खरंच इतक्या पुढे होत्या का, की ही नंतर रचलेली कथा आहे?

खरंच पुढे होत्या. २० जानेवारी २००७ रोजी त्यांनी घरातल्या सोफ्यावर बसून केलेल्या व्हिडिओतून उमेदवारी जाहीर केली. त्या वर्षीच्या शरद ऋतूत देशव्यापी जनमत चाचण्यांत त्या ओबामांपेक्षा बऱ्याचदा वीस टक्क्यांहून अधिक पुढे दिसत होत्या. पक्षातले जुने पुढारी, मोठे देणगीदार आणि माजी अध्यक्ष असलेले पती, सगळं त्यांच्या बाजूला होतं.

मेख अशी, की उमेदवारीसाठी देशव्यापी मतदान होतच नाही. तेव्हा आधी आयोवा, मग न्यू हॅम्पशायर, असं एकेक राज्य मत देई आणि आदल्या राज्याचा निकाल पुढच्या राज्याच्या डोक्यात बसे. मोहिमेने मात्र ‘येणार तर हिलरीच’ हाच मुख्य मुद्दा केला. हा मुद्दा पहिल्या पराभवापर्यंतच टिकतो, आणि तो पराभव पहिल्याच दिवशी आला.

प्रायमरी आणि कॉकस यांत फरक काय?

प्रायमरी आपल्या ओळखीच्या मतदानासारखीच असते. दिवसभरात कधीही जा, गुप्त मत द्या आणि घरी या. कॉकस ही सभा असते. ठरलेल्या वेळी शाळेत, चर्चमध्ये किंवा एखाद्या सभागृहात जमायचं, तास-दोन तास थांबायचं आणि बऱ्याच ठिकाणी सगळ्यांदेखत आपल्या उमेदवाराच्या गटात उभं राहायचं. माणसं कमी येतात, पण येतात ती पक्की असतात. शंभर कट्टर कार्यकर्ते जमवणाऱ्याला कॉकसमध्ये जो फायदा होतो, तो प्रायमरीत होत नाही.

जास्त मतं म्हणजे जास्त प्रतिनिधी, हे सरळ गणित नाही का?

नाही, आणि सगळी गोष्ट इथेच आहे. हे उत्तर थोडं लांबेल.

उमेदवार ठरतो तो पक्षाच्या अधिवेशनातल्या प्रतिनिधींच्या संख्येवर. आपल्या विधानसभेत एका मताने पुढे असलेला अख्खी जागा घेऊन जातो. डेमोक्रॅटिक पक्षात तसं होत नाही. पंधरा टक्के मतांचा उंबरठा ओलांडला की मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळतात आणि बहुतेक प्रतिनिधींची वाटणी मतदारसंघवार होते. समजा एका मतदारसंघात चार प्रतिनिधी आहेत आणि उमेदवार दोन. ६० विरुद्ध ४० असा दणदणीत विजय मिळाला तरी वाटणी दोन-दोन. तीन-एक करायचं तर ६२.५ टक्क्यांच्या पुढे जावं लागतं. म्हणजे चार प्रतिनिधींच्या मतदारसंघात वीस टक्क्यांची आघाडी फुकट जाते! उलट प्रतिनिधी तीन असतील तर पन्नास टक्क्यांच्या वर एक मत पडलं तरी दोन-एक. ओबामांच्या माणसांनी ही वजाबाकी मतदारसंघ घेऊन घेऊन केली होती. पैसा कुठे टाकायचा आणि कुठे टाकायचा नाही, हे त्यावरून ठरत होतं.

५ फेब्रुवारी २००८ रोजी, म्हणजे अनेक राज्यांत एकदम मतदान होणाऱ्या ‘सुपर ट्यूसडे’ला, याचा निकाल दिसला. न्यू जर्सीत अकरा लाखांहून अधिक लोकांनी मत दिलं. हिलरी जवळपास ५४ टक्के मतं घेऊन जिंकल्या आणि त्यांना ५९, ओबामांना ४८ प्रतिनिधी मिळाले. निव्वळ आघाडी ११ ची. त्याच दिवशी आयडाहोत कॉकस होतं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत हे राज्य डोळे झाकून रिपब्लिकनांना जातं, त्यामुळे तिथल्या डेमोक्रॅटांना सहसा कोणी विचारत नाही. सुमारे २१ हजार माणसं आली, त्यातली जवळजवळ ८० टक्के ओबामांची. प्रतिनिधी १५ विरुद्ध ३, निव्वळ आघाडी १२ ची. एका कमी वस्तीच्या डोंगराळ राज्यातल्या २१ हजार माणसांनी न्यू जर्सीच्या अकरा लाखांची कमाई पुसून वर एक शिल्लक ठेवली. ओबामा त्याआधीच्या शनिवारी तिथल्या बॉयझी शहरात जाऊन आले होते आणि सभेला चौदा हजारांच्या आसपास गर्दी होती. हिलरींच्या मोहिमेने त्या राज्याकडे जवळजवळ पाठच फिरवली होती.

त्या दिवशी कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स अशी मोठी नावं हिलरींकडे गेली. टीव्हीवरचा नकाशा त्यांच्या बाजूचा वाटत होता. बेरीज केली तेव्हा ओबामा दहा-पंधरा प्रतिनिधींनी पुढे निघाले.

हिलरींच्या मुख्य रणनीतिकाराला हा नियमच माहीत नव्हता, असं म्हणतात. खरं का?

गोष्ट मार्क पेन यांची आहे. कॅलिफोर्निया जिंकलं की तिथले सगळे ३७० प्रतिनिधी आपलेच, असं ते एका बैठकीत म्हणाल्याचं आणि तिथे असलेले, मोहिमेतलेच दुसरे सल्लागार हॅरॉल्ड इक्स थक्क झाल्याचं तेव्हा छापून आलं. पेन यांनी ते नाकारलं. खरं-खोटं त्या खोलीतल्या लोकांना ठाऊक. प्रत्यक्षात कॅलिफोर्नियाची वाटणी २०४ विरुद्ध १६६ झाली.

माझं मत विचाराल तर ही गोष्ट लोकांना फार आवडते, कारण तिच्यामुळे सगळं खापर एका माणसाच्या डोक्यावर फोडता येतं. पेन नियम जाणत असतील असं धरलं, तरी मोहिमेचा पैसा, माणसं आणि उमेदवाराचे दिवस ज्या पद्धतीने वाटले गेले, ते पाहता नियम कुणीतरी विसरलं होतं एवढं नक्की. आणि त्या वाटपावर शेवटचा शब्द उमेदवाराचा होता.

आयोवा सोडून द्यायला हवं होतं का?

तसा सल्ला मोहिमेच्या आतूनच आला होता. मे २००७ मध्ये उपव्यवस्थापक माइक हेन्री यांनी टिपण लिहिलं : आयोवा आपलं सगळ्यात कच्चं राज्य आहे, तिथे पैसा आणि वेळ घालवण्यापेक्षा ते सोडा आणि पुढची राज्यं बघा. टिपण फुटलं आणि वर्तमानपत्रांत आलं. मग आयोवातल्या लोकांना रुसवा येऊ नये म्हणून हिलरींना उलट तिथे जास्तच लक्ष घालावं लागलं. फुटलेला सल्ला अमलात आणता येत नाही, ही राजकारणातली जुनीच अडचण आहे.

त्यात आयोवाशी क्लिंटन घराण्याची ओळखही पातळ. १९९२ मध्ये तिथलेच सिनेटर टॉम हार्किन उभे असल्यामुळे बिल क्लिंटन यांनी ते राज्य लढवलंच नव्हतं. बाकी राज्यांत जुने कार्यकर्ते फोन केला की हजर व्हायचे, इथे मुळापासून सुरुवात होती. शेवटी दोन कोटी डॉलरहून अधिक खर्च होऊन ३ जानेवारीला निकाल लागला तो असा : ओबामा ३७.६ टक्के, आणखी एक उमेदवार जॉन एडवर्ड्स २९.७, हिलरी २९.५. तिसरा क्रमांक. २००४ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास लोक आले होते, या वेळी सुमारे २ लाख ४० हजार आले. हिलरींच्या लोकांनी आपली बेगमी नेहमीच्या गर्दीचा अंदाज धरून केली होती. ओबामांनी गर्दीच नवी आणली.

सोडून देणं बरोबर ठरलं असतं का? मला शंका आहे. पहिल्या राज्यातून पळालेली ‘अटळ’ उमेदवार हेही काही शोभणारं चित्र नव्हतं. चूक बहुधा त्याआधीची, स्वतःला अटळ म्हणवून घेण्याची.

पण न्यू हॅम्पशायर त्या जिंकल्या ना?

जिंकल्या, आणि बहुतेक चाचण्यांना खोटं पाडून, ३९ विरुद्ध ३६.५ अशा. आदल्या दिवशी पोर्ट्समथच्या एका कॅफेत बोलताना त्यांचा कंठ दाटून आला होता आणि लोकांनी पहिल्यांदा आखीव-रेखीव हिलरींच्या मागची बाई पाहिली, असं बरेच जण मानतात. त्यानंतर १९ जानेवारीला नेवाडात कॉकसची बेरीजही त्यांनी जिंकली, पण प्रतिनिधी मात्र ओबामांना १३ आणि त्यांना १२. वरचं गणित पुन्हा एकदा. हे पाहून तरी जागं व्हायला हवं होतं, पण सुपर ट्यूसडेला अडीच आठवडेच उरले होते.

दहा कोटी डॉलर जमवूनही पैसा संपला कसा?

२००७ मध्ये त्यांनी दहा कोटींहून अधिक जमवले, हे खरं. पण तेव्हा प्रायमरीसाठी एका माणसाला जास्तीत जास्त २,३०० डॉलर देता येत. हिलरींचे बरेच देणगीदार मोठे, आणि त्यांनी सुरुवातीलाच पूर्ण रक्कम देऊन टाकलेली. त्यांच्याकडे पुन्हा हात पसरायची सोय नव्हती. ओबामांचे लाखो समर्थक इंटरनेटवरून पंचवीस-पन्नास डॉलर देत आणि पुढच्या महिन्यात परत देत. एकाची विहीर आटली, दुसऱ्याचा झरा चालू राहिला. एकट्या जानेवारीत ओबामांनी ३ कोटी २० लाख जमवले. हिलरींचा आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी.

खर्चाच्या सुरस कथा तुम्ही ऐकल्या असतील. आयोवातल्या कॉकसआधी सँडविचची ताटं आणि किराणा यांवर जवळपास एक लाख डॉलर गेले, ही त्यातली सर्वांत गाजलेली. पण ताटांनी मोहीम बुडत नाही. सल्लागारांची बिलं, टीव्हीवरच्या जाहिराती आणि ५ फेब्रुवारीला सगळं संपेल या हिशेबाने केलेला एकूण खर्च, यांनी तिजोरी रिकामी केली. जानेवारीअखेर हिलरींनी स्वतःच्या खिशातून ५० लाख डॉलर मोहिमेला उसने दिले आणि सुपर ट्यूसडेच्या दुसऱ्या दिवशी ते जगजाहीर झालं. पुढे त्यांचं एकूण कर्ज एक कोटी डॉलरच्या पलीकडे गेलं.

५ फेब्रुवारीनंतर नेमकं काय झालं?

त्या दिवसापुढची योजनाच नव्हती. ९ फेब्रुवारीला लुइझियाना, नेब्रास्का, वॉशिंग्टन. दुसऱ्या दिवशी मेन. १२ ला मेरीलँड, व्हर्जिनिया आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी. १९ ला विस्कॉन्सिन आणि हवाई. व्हर्जिन बेटं आणि परदेशस्थ डेमोक्रॅटांचं मतदान धरून ओबामांनी ओळीने अकरा लढती घेतल्या. यातल्या बऱ्याच ठिकाणी हिलरींची कचेरी उशिरा उघडली, तर काही ठिकाणी पैसे नसल्यामुळे हात आखडता घ्यावा लागला.

त्या दोन आठवड्यांत ओबामांच्या खात्यात शंभराहून अधिक निवडून आलेल्या प्रतिनिधींची आघाडी जमा झाली. प्रमाणबद्ध वाटणीत मागे पडलेल्याला एवढी दरी भरून काढणं महाकठीण, कारण पुढे जिंकलं तरी आठ-दहाच पदरात पडतात. खरी लढाई फेब्रुवारीतच निकालात निघाली होती, पुढचे साडेतीन महिने तिचा पडसाद होता.

एक किस्सा इथे सांगायलाच हवा. सुपर ट्यूसडेनंतर लगेच ओबामांच्या मोहिमेचा एक तक्ता चुकून पत्रकारांच्या हाती पडला. उरलेल्या प्रत्येक राज्यात काय होईल याचे अंदाज त्यात होते. मेनमध्ये हार धरली होती ती जीत निघाली, इंडियाना उलटं गेलं, पण बाकी तक्ता जवळजवळ तंतोतंत जुळला. एका बाजूकडे जूनपर्यंतचं वेळापत्रक होतं आणि दुसऱ्या बाजूकडे पुढच्या पंधरवड्याचंही नव्हतं.

कॉकस ही पद्धतच अन्यायाची नाही का?

हिलरींची ही तक्रार मला बरीचशी पटते. पाळीत काम करणारी बाई, लहान मुलांची आई, थकलेले आजोबा यांना थंडीत रात्री दोन तास सभेत बसणं जमत नाही, आणि हाच त्यांचा मतदार. पुरावाही आहे. वॉशिंग्टन राज्यात ९ फेब्रुवारीच्या कॉकसमध्ये ओबामांना ६८ टक्के मिळाले. दहाच दिवसांनी तिथे प्रायमरीही झाली, तिच्या मतांना प्रतिनिधी मिळायचे नव्हते, आणि तिच्यात ते फक्त ५१ विरुद्ध ४६ असे पुढे होते. नेब्रास्कातही मे महिन्यातल्या अशाच बिनकामाच्या प्रायमरीत फरक दोन-तीन टक्क्यांवर आला.

पण नियम सगळ्यांना वर्षभर आधी ठाऊक होते. पंगतीत बसल्यावर मेनूवर भांडण्यात अर्थ नसतो.

फ्लोरिडा आणि मिशिगनचा घोळ काय होता?

या दोन राज्यांनी पक्षाची परवानगी नसताना मतदानाच्या तारखा अलीकडे ओढल्या, म्हणून २००७ मध्येच पक्षाने त्यांचे सगळे प्रतिनिधी रद्द केले. हे ठरवणाऱ्या पक्षाच्या समितीत हिलरींचे हॅरॉल्ड इक्सही होते आणि त्यांनी या शिक्षेच्या बाजूने मत दिलं होतं. मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचं नावसुद्धा नव्हतं. तिथली निवडणूक कशातच मोजली जाणार नाही, अशा अर्थाचं हिलरी स्वतः ऑक्टोबर २००७ मध्ये रेडिओवर बोलल्या होत्या. मागे पडल्यावर मात्र ‘प्रत्येक मत मोजा’ ही घोषणा सुरू झाली. ३१ मे रोजी तडजोड झाली : दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींना अर्धं-अर्धं मत. गरज पडेल असं आधी वाटलंच नव्हतं, म्हणून आदल्या वर्षी हिलरींच्या बाजूने शिक्षेला कुणी विरोध केला नाही. ‘अटळ’ असण्याची ही आणखी एक किंमत.

इराकचं मत हेच खरं कारण नव्हतं का?

मोठं कारण होतं, पण ते डावपेचांच्या चुकांत मोडत नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटमध्ये त्यांनी युद्धाला परवानगी देणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत दिलं. ते मत देताना २००८ चा हिशेब त्यांच्या मनात होता की नाही, हे त्याच जाणोत. डावपेचाची चूक पुढची : माफी मागायची नाही, हा हट्ट. जॉन एडवर्ड्स यांनीही तसंच मत दिलं होतं, ते २००५ मध्ये ‘चुकलो’ म्हणून मोकळे झाले.

बिल क्लिंटन यांनी फायदा केला की तोटा?

गोऱ्या, ग्रामीण, कामगार मतदारांत फायदा. साउथ कॅरोलायनात तोटा. २६ जानेवारीला ओबामांनी ते राज्य ५५ विरुद्ध २७ असं जिंकलं, त्यावर बिल यांनी ‘जेसी जॅक्सनही इथे जिंकले होते’ अशा आशयाची टिप्पणी केली. जॅक्सन हे पूर्वी उमेदवारीसाठी लढलेले कृष्णवर्णीय नेते. कृष्णवर्णीय मतदारांना ती टोचली. दोनच दिवसांनी पक्षातले ज्येष्ठ सिनेटर टेड केनेडींनी ओबामांना पाठिंबा दिला.

मोहिमेत आतून भांडणं होती असं वाचलं.

भरपूर. पेन विरुद्ध इक्स, पेन विरुद्ध जाहिराती करणाऱ्या मॅंडी ग्रनवाल्ड, आणि संदेश काय असावा यावर रोजचा वाद. १० फेब्रुवारीला, पराभवांची मालिका सुरू असताना, व्यवस्थापक पॅटी सोलिस डॉयल यांच्या जागी मॅगी विल्यम्स आल्या. एप्रिलच्या सुरुवातीला पेनही मुख्य रणनीतिकार म्हणून पायउतार झाले : हिलरी ज्या कोलंबिया व्यापार कराराला विरोध करत होत्या, त्याच करारासाठी पेन आपल्या दुसऱ्या नोकरीच्या नात्याने कोलंबियाच्या राजदूतांना भेटले होते. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

बोस्नियाच्या गोळीबाराचं प्रकरण?

१९९६ मध्ये तुझलाच्या विमानतळावर गोळीबारातून डोकं खाली घालून पळावं लागलं, असं हिलरींनी मार्च २००८ मध्ये सांगितलं. जुनी चित्रफीत निघाली. तिच्यात धावपट्टीवर एक मुलगी त्यांना कविता वाचून दाखवत होती. बोलण्यात चूक झाली, असं त्यांना कबूल करावं लागलं. ‘अनुभव’ हा ज्यांचा मुख्य मुद्दा, त्यांनी अनुभव फुगवून सांगावा, याची जखम खोल गेली.

यात भारतीयांचा काही संबंध आला होता का?

आला, आणि तिथे चूक ओबामांच्या बाजूची होती. जून २००७ मध्ये त्यांच्या मोहिमेने पत्रकारांना एक टिपण वाटलं. हिलरींच्या भारतीय देणगीदारांवर आणि भारतातल्या गुंतवणुकीवर टीका करणाऱ्या त्या टिपणाच्या मथळ्यात त्यांना ‘डेमोक्रॅट, पंजाब’ असं म्हटलं होतं. मुळात तो हिलरींचाच एक जुना विनोद : पंजाबातून उभी राहिले तरी सहज निवडून येईन. भारतीय-अमेरिकी संघटना संतापल्या आणि ओबामांनी ती मूर्खपणाची चूक असल्याचं मान्य केलं. चुका दोन्हीकडे झाल्या. हिलरींच्या महाग पडल्या, कारण त्या प्रतिनिधींच्या हिशेबात झाल्या.

मार्चनंतर त्या जिंकत होत्या, मग थांबल्या का?

ओहायो, पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया त्यांनी चांगल्या फरकाने घेतली. टेक्सासची प्रायमरीही जिंकली, पण तिथे त्याच रात्री कॉकसही होतं आणि दोन्ही धरून प्रतिनिधी ९९ विरुद्ध ९४ असे ओबामांचे जास्त. गंमत म्हणजे या काळात त्या उमेदवार म्हणून कितीतरी चांगल्या होत्या. कामगारांच्या वस्त्यांत, ट्रकवर उभ्या राहून, थेट बोलणाऱ्या. हीच बाई वर्षभर आधी दिसली असती तर? पण ६ मेला नॉर्थ कॅरोलायना मोठ्या फरकाने गेलं, इंडियाना जेमतेम हाती लागलं आणि दरी तशीच राहिली.

सुपरडेलिगेट तर त्यांच्याच बाजूचे होते ना?

सुरुवातीला हो, सुमारे शंभरांनी पुढे. हे पक्षाचे खासदार, राज्यपाल, पदाधिकारी. त्यांना हवं त्याला मत देता येई. पण त्यांनाही निवडून यायचं असतं. अटलांटाचे खासदार जॉन लुईस आधी हिलरींकडे होते. त्यांच्या मतदारसंघाने ओबामांना भरभरून मतं दिल्यावर फेब्रुवारीअखेर त्यांनी बाजू बदलली. बिल क्लिंटन यांच्या मंत्रिमंडळात राहिलेले बिल रिचर्डसन मार्चमध्ये ओबामांकडे गेले, तेव्हा क्लिंटन गोटातल्या जेम्स कार्व्हिल यांनी त्यांना थेट येशूला दगा देणाऱ्या ज्यूडासची उपमा दिली. बाकीचे वाऱ्याची दिशा बघत बसले आणि ३ जूनपर्यंत ओबामांचा आकडा पुरा झाला. ७ जूनला हिलरींनी माघार जाहीर केली. दोघांच्याही पारड्यात पावणेदोन कोटींच्या आसपास मतं पडली होती.

२०१६ मध्ये त्यांनी धडा घेतला का?

गणिताच्या बाबतीत, हो. २००८ मध्ये नेवाडा सांभाळलेले रॉबी मुक या वेळी मोहिमेचे व्यवस्थापक झाले. आणि प्रतिनिधींची मोजणी करायला त्यांनी जेफ बर्मन यांना आणलं, ज्यांनी आठ वर्षांपूर्वी हेच काम ओबामांसाठी केलं होतं. त्या वेळचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांनी कॉकसची राज्यं एकामागून एक घेतली, पण दक्षिणेतल्या मोठ्या विजयांतून मिळालेली प्रतिनिधींची आघाडी हिलरींनी शेवटपर्यंत सोडली नाही.